इंग्रजीच्या गृहपाठातून वाचनाची गोडी कशी लावावी?

मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीचा इंग्रजीचा गृहपाठ बहुधा ठरलेला असतो: धडा वाचा, दहा कठीण शब्दांचे अर्थ लिहा, सारांश लिहा, तात्पर्य सांगा. मूल घरी जातं, गाईड उघडतं आणि सगळं उतरवून मोकळं होतं. वही भरते, पण वाचन एका ओळीचंही होत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. म्हणजे आठवीतल्या मुलाची या भाषेशी सात वर्षांची ओळख असते. तरीही इंग्रजी गोष्टीचं पुस्तक आपणहून उघडायला ते कचरतं.

आपण इंग्रजी शिकवत असाल, तर गृहपाठाची मांडणी बदलून यात पुष्कळ फरक पाडता येतो. त्याला तीन गोष्टी लागतात: मुलाला झेपेल असं पुस्तक, ते निवडायची मोकळीक आणि ज्याचं उत्तर फक्त त्यालाच देता येईल असा प्रश्न. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवायची गरज नाही. आठवड्यातला एक गृहपाठ यासाठी राखून ठेवला तरी पुरतो.

पहिली पायरी: पुस्तकं मुलांच्या हाताशी आणा

चाळीस मुलांच्या वर्गाला साठ-सत्तर पातळ पुस्तकं पुरतात. त्यातली काही शाळेच्या कपाटात आधीच असतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची पुस्तकं परवडणारी आहेत. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरच्या इंग्रजी आणि मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात. चेन्नईच्या ‘तुलिका’ प्रकाशनाच्या द्विभाषिक पुस्तकांत इंग्रजी आणि मराठी मजकूर एकाच पानावर मिळतो.

घोडं अडतं ते कपाटाच्या कुलपापाशी. पुस्तक हरवलं तर भरपाई कोण देणार, या धास्तीने किल्ली बाहेरच निघत नाही. म्हणून वर्षाला पाच-सहा पुस्तकं फाटतील किंवा हरवतील, हे मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. पुस्तकं खोक्यात घालून वर्गातच ठेवा. देवघेवीची वही दोन विद्यार्थ्यांकडे द्या आणि दर महिन्याला जोडी बदला.

दुसरी पायरी: झेपणारं पुस्तक निवडायला शिकवा

पाच बोटांची कसोटी मुलांना लगेच जमते. साधारण शंभर शब्दांचं एक पान वाचायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. दोन बोटांत पान संपलं तर पुस्तक बरोबर आहे. पाचही बोटं मिटली, तर ते सध्या बाजूला ठेवायचं. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या अभ्यासातही हेच दिसतं. मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची असेल, तर पन्नास शब्दांत अनोळखी शब्द एखादाच असावा लागतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे इयत्ता पाहून पुस्तक देणं. आठवीतल्या एखाद्या मुलाला ‘स्टोरीवीव्हर’च्या पहिल्या पातळीची, अडीचशे शब्दांच्या आतली गोष्टच झेपत असेल, तर त्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. पण चित्रांचं पुस्तक हातात घ्यायला मोठ्या मुलांना लाज वाटते. त्यावर एक चांगला उपाय आहे. “शुक्रवारी दुसरीच्या वर्गाला ही गोष्ट वाचून दाखवायची आहे, तयारी कर,” असं सांगा. मग तेच पुस्तक मूल चार-पाच वेळा मोठ्याने वाचतं, उच्चार विचारायला आपल्याकडे येतं आणि त्याला त्यात काही कमीपणाही वाटत नाही.

तिसरी पायरी: आधी आपण वाचून दाखवा

घरी वाचायला सांगण्यापूर्वी आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, वर्गात गोष्ट वाचून दाखवा. मुखपृष्ठ दाखवून “काय होईल असं वाटतं?” हे मराठीतच विचारा. मग न थांबता वाचा. उत्सुकता ताणली गेली की पुस्तक मिटा आणि खोक्यात ठेवा. उरलेली गोष्ट वाचायला ते पुस्तक कोणीतरी मागतंच.

प्रत्येक वाक्याचं मराठी भाषांतर करत गेलं की हा सगळा खटाटोप फुकट जातो. मुलं मग इंग्रजी ऐकायचं सोडून भाषांतराची वाट पाहतात. अर्थ अडला तर चित्राकडे बोट दाखवा, हावभाव करा किंवा एखादा शब्द मराठीत सांगून पुढे चला.

चौथी पायरी: वाचनाला शाळेतच वेळ द्या

अनेक घरांत एकच खोली असते, टीव्ही चालू असतो, धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. त्यामुळे वाचनाचा सगळा भार घरावर टाकू नका. आठवड्यातल्या दोन तासिकांची पहिली दहा मिनिटं मूक वाचनाला द्या, म्हणजे प्रत्येकाने आपापलं पुस्तक मनात वाचायचं. त्या वेळी वह्या तपासत बसू नका, आपणही पुस्तक घेऊन वाचा. मोठं माणूस रमून वाचताना दिसणं, हाही मुलांसाठी धडाच असतो.

पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यावर सोडायची मुभा द्या. फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क त्यांत आहे. सोडताना मुलाने कारण मात्र एका वाक्यात सांगावं. त्यातून त्याची आवड आपल्याला कळते आणि पुढचं पुस्तक सुचवता येतं.

पाचवी पायरी: गृहपाठाचा प्रश्न बदला

आता लेखनाकडे वळू. रस्किन बाँड यांची ‘द ब्लू अम्ब्रेला’ ही छोटी कादंबरी आठवीतल्या बऱ्यापैकी वाचणाऱ्या मुलांना देता येते. गढवालमधली बिनिया आपल्या गळ्यातलं बिबट्याच्या नखाचं लॉकेट देऊन निळी छत्री घेते. दुकानदार राम भरोसाला त्या छत्रीचा मोह पडतो आणि पुढे सगळं गाव त्याच्या दुकानाकडे पाठ फिरवतं. यावर “बिनिया कुठे राहत होती?” असा प्रश्न विचारला, तर उत्तर शेजारच्या वहीतून उतरवता येतं.

त्याऐवजी विचारा: “शेवटी बिनिया छत्री राम भरोसाला देऊन टाकते. तू तिच्या जागी असतास तर दिली असतीस का?” हे उत्तर गाईडमध्ये मिळत नाही. एक मुलगी लिहील, “मी दिली नसती, कारण त्याने ती चोरायला माणूस पाठवला होता.” शेजारचा मुलगा लिहील, “दिली असती, तो एकटा पडला होता.” दोघांना उभं करून बोलतं करा. वर्गात वाद रंगतो, आणि ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याला ते वाचावंसं वाटतं.

असे आणखी काही गृहपाठ देता येतील. शेवटचं पान उघडण्याआधी शेवट काय होईल ते लिहा. आवडलेलं एक वाक्य उतरवा आणि ते का आवडलं ते सांगा. गोष्टीतल्या पात्राला दोन प्रश्न विचारा. हे पुस्तक वर्गातल्या कोणाला द्याल आणि का, ते लिहा. यातला एकच निवडायला सांगा. मजकूर पोस्टकार्डाएवढ्या एका कार्डावर मावला पाहिजे.

सुरुवातीला उत्तर मराठीत लिहू द्या. आपल्याला आधी वाचन रुजवायचं आहे आणि समजलेलं मराठीत सांगणं हाही समजल्याचाच पुरावा आहे. महिन्याभराने “आय लाइक्ड... बिकॉज...” असा वाक्याचा सांगाडा फळ्यावर लिहून द्या आणि निदान एक वाक्य इंग्रजीत मागा. दिवाळीनंतर दोन मागा.

सहावी पायरी: लाल शाई आवरा

मुलाने मनापासून लिहिलेल्या चार ओळींत स्पेलिंगच्या नऊ चुका असतील. नऊही खुणा केल्या, तर पुढच्या वेळी ते चारच सुरक्षित शब्द लिहील. म्हणून आधी मजकुराला उत्तर द्या: “मलाही तो दुकानदार आधी आवडला नव्हता. तुझं मत कधी बदललं?” मग एकच चूक दाखवा, जी सुधारली तर पुढे उपयोगी पडेल. बाकीच्या चुका व्याकरणाच्या तासाला, नाव न घेता, सगळ्यांसाठी घ्या.

गुणही देऊ नका. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, आकारिक नोंदींसाठी ‘उपक्रम’ आणि ‘स्वाध्याय’ ही साधनं आहेतच. कार्ड दिल्याची नोंद तिथे करता येते. सर्वांत जास्त पुस्तकं कोण वाचतं, अशी स्पर्धा टाळा. त्या नादात मुलं सर्वांत पातळ पुस्तकं शोधतात आणि सावकाश वाचणारं मूल मागे राहून हिरमुसतं.

सातवी पायरी: पालकांना सोपं काम द्या

“मला इंग्रजी येत नाही, मी काय मदत करणार?” असं अनेक आया विचारतात. त्यांना सांगा, “ताई, तुम्ही फक्त ऐका.” रात्री जेवताना मुलाने वाचलेली गोष्ट मराठीत सांगायची, आईने किंवा आजीने “मग पुढे काय झालं?” विचारायचं. गोष्ट सांगण्यासाठी मूल ती पुन्हा मनात जुळवतं, आणि न कळलेला भाग त्याच्याच लक्षात येतो.

परिणाम कधी दिसतो?

फिजीमधल्या ग्रामीण शाळांत वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी केलेला प्रयोग इथे आठवतो. तिथल्याही मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती. चौथी-पाचवीच्या काही वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० गोष्टींची चित्रमय इंग्रजी पुस्तकं दिली आणि रोज वाचनाला वेळ राखला. आठ महिन्यांनी ही मुलं नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या वाचनात बरीच पुढे गेली होती. दुसऱ्या वर्षी तो फायदा लेखनात आणि व्याकरणातही दिसला. हे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून पहिल्या घटक चाचणीचे गुण पाहून निराश होऊ नका. त्याआधी दिसणाऱ्या खुणा वेगळ्या असतात: मधल्या सुट्टीत कोणी खोक्याशी रेंगाळतं, एखादं पुस्तक नोंद न होताच तीन हातांतून फिरतं, “याच लेखकाचं दुसरं आहे का?” असा प्रश्न येतो. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी अशा मुलांनाच आपल्या पुस्तकाविषयी दोन मिनिटं बोलायला उभं करा.

शेवटची काळजी जूनसाठी. वर्ग बदलतो, शिक्षक बदलतात आणि वर्षभर लागलेली सवय तिथे तुटते. निकालाच्या दिवशीच पुस्तकांचं खोकं, नोंदवही आणि मुलांची कार्डं पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांच्या हाती द्या. सोबत प्रत्येक मुलापुढे एक ओळ लिहा: याला प्राण्यांच्या गोष्टी आवडतात, ही आता दुसऱ्या पातळीची पुस्तकं वाचते. नव्या शिक्षकांना मग पहिल्याच आठवड्यात योग्य पुस्तक योग्य मुलाला देता येईल.