महासंगणकाचा पैसा आणि आपली पेरणी



सरकारने नव्या संगणकांच्या संशोधनावर शेकडो कोटी रुपये घातले, अशी बातमी आली की पारावर प्रश्न निघतोच, ‘यात आपल्याला काय?’ प्रश्न रास्त आहे, कारण तो पैसा आपलाही आहे. म्हणून त्याचा हिशेब कळमनुरीच्या शिवारातच मांडू या.

पहिल्या पावसावर सोयाबीन पेरले आणि पुढे पंधरा दिवस पावसाने ओढ दिली, तर बियाणे, खत, मजुरी सारे मातीत जाते. दुबार पेरणी म्हणजे नवे कर्ज. हे टाळायचे तर पुढच्या आठवड्याच्या पावसाचा भरवशाचा अंदाज हवा. तो आज महासंगणकावर निघतो.

तो कसा निघतो ते पाहा. सगळ्या मुलखावर चौकोनांचे जाळे टाकल्याची कल्पना करा. प्रत्येक चौकोनातील तापमान, ओलावा, हवेचा दाब आणि वारा यांचे गणित जमिनीपासून वर थराथराने करावे लागते. चौकोन बारा किलोमीटरचा असेल तर 144 चौरस किलोमीटरला एकच माप. तो सहा किलोमीटरचा केला की क्षेत्र 36 वर येते, पण चौकोन चौपट होतात. शिवाय गणितही दुप्पट वेळा करावे लागते. म्हणजे काम आठपट वाढते. मोठे यंत्र लागते ते यासाठी.

1980 च्या दशकात आपण अमेरिकेकडे असे यंत्र मागितले. हवे तेवढे मोठे मिळाले नाही. लहान मिळाले, तेही अटी घालून. तेव्हा 1988 मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातले. 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. पुढे 2015 मध्ये 4,500 कोटींचे राष्ट्रीय महासंगणक अभियान मंजूर झाले. 2023 मध्ये क्वांटम या अगदी नव्या जातीच्या संगणकासह त्या शास्त्राच्या संशोधनाला सुमारे 6,000 कोटी देण्याचे ठरले. आंब्याचे कलम लावले म्हणून त्याच वर्षी फळ मागू नये, तसेच हे आहे.

पण एका झाडाला फळ धरले आहे. सप्टेंबर 2024 मध्ये हवामानासाठी 850 कोटींचे दोन महासंगणक सुरू झाले. त्यांतील ‘अर्का’ पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत आहे. याच संस्थेने तयार केलेली सहा किलोमीटर चौकोनाची ‘भारत फोरकास्ट’ पद्धत मे 2025 मध्ये देशाला मिळाली.

आता दुसरी बाजूही ऐका. वरचे यंत्र कितीही मोठे असो, खालून खरी नोंद गेली नाही आणि अंदाज बांधापर्यंत आला नाही तर तो कोरडाच. त्याच 2024 मध्ये देशातील 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्यात आली. विहीर खोल केली आणि पोहरा काढून घेतला, असेच हे झाले. संशोधनाला पैसा द्यावा, पण शेवटच्या दुव्यालाही द्यावा, अशी मागणी आपणच केली पाहिजे.

तोवर आपल्या हातचे करू या. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा हवामान सल्ला वाचा, तरुण मुलांना वाचून दाखवायला सांगा. घराजवळ उघड्या जागी सरळ बाजूंचे भांडे ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजा व वहीत लिहा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. अंदाज म्हणजे वचन नव्हे, हेही ध्यानात ठेवा. मंडळातील हवामान यंत्र बंद दिसले तर ग्रामसभेत विचारा. पैसा आपला आहे, विचारण्याचा हक्कही आपला आहे.