जहाजाची कचऱ्याची बादली

‘एवढा मोठा समुद्र! जहाजवाले सगळा कचरा त्यातच टाकत असणार.’ हे पूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. जहाजांवरच्या कचऱ्याचे नियम, म्हणजे जहाजांकडून होणारं प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचं पाचवं परिशिष्ट, ३१ डिसेंबर १९८८ रोजी लागू झालं. त्यात प्लास्टिकला बंदी होती. पण किनाऱ्यापासून पुरेसं दूर गेल्यावर कागद, चिंध्या, काच टाकायला मोकळीक होती. १ जानेवारी २०१३ पासून नियमच उलटा झाला. आता काहीही टाकायचं नाही. अपवादांची यादी तेवढी आहे, आणि ती छोटी आहे.

‘निदान उष्टं-खरकटं तरी? माशांनाच मिळेल.’ मिळेल, पण कुठेही नाही. गॅलीतलं, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातलं, अन्न २५ मिलिमीटरच्या जाळीतून जाईल इतकं बारीक केलं, तर जमिनीपासून ३ सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून टाकता येतं. न दळलेलं असेल तर १२ मैल. मुंबईहून आखाताकडे निघालेलं जहाज ओमानच्या रास अल हद्दपुढे आत शिरलं, की तो ‘विशेष क्षेत्रा’चा भाग. तिथे दळलेल्या अन्नालाही १२ मैलांची अट, आणि न दळलेलं टाकायचंच नाही.

खरी गोम आहे ती सरमिसळीत. भाताच्या बादलीत एक प्लास्टिकचा चमचा पडला, की त्या बादलीला प्लास्टिकचा नियम लागतो: जगात कुठेही समुद्रात टाकायची नाही. म्हणून गॅलीत वेगवेगळ्या रंगांचे डबे असतात. बड्या कंपन्याही इथेच घसरतात. अन्नात मिसळलेलं प्लास्टिक बहामाच्या समुद्रात टाकल्याचं कार्निव्हल या क्रूझ कंपनीने २०१९ मध्ये अमेरिकी न्यायालयात कबूल केलं. इतर उल्लंघनं धरून दंड बसला २ कोटी डॉलरचा.

‘जाळलं की संपलं’ हेही अर्धवट. इन्सिनरेटरची राखसुद्धा समुद्रात टाकता येत नाही. वापरलेलं तळणाचं तेलही नाही. दोन्ही साठवून बंदरावर उतरवायचं आणि पावती घ्यायची.

‘समुद्रात बघतंय कोण?’ बघायची गरज पडत नाही. १ मे २०२४ पासून १०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांनाही गार्बेज रेकॉर्ड बुक सक्तीचं झालं; आधी ही मर्यादा ४०० होती. काय, किती घनमीटर, कुठे, केव्हा हे सगळं लिहून अधिकाऱ्याने सही करायची, आणि शेवटच्या नोंदीनंतर दोन वर्षं वही जपायची. वीस-बावीस माणसं महिनाभर जेवली आणि वहीत प्लास्टिकची एकही नोंद नाही, तर बंदरावरचा तपासनीस पहिला प्रश्न त्यावरच विचारेल.