चालतां चालतां थांबणारी फटफटी

मोटारसायकलला मराठींत फटफटी हें नांव तिच्या आवाजावरून मिळालें. हा आवाज शहरांतील रस्त्यावर एकाएकीं थांबला, तर मागचे वाहनवाले कर्णे वाजवितात, गाडी ढकलीत कडेला घ्यावी लागते, आणि पुढच्या कोपऱ्यावर एखादा कारागीर भेटतो. तोच आवाज निसरड्या चढणीच्या अर्ध्यावर थांबला म्हणजे शंभर-दीडशें किलो वजनाची गाडी स्वारासकट मागें घसरूं लागते. आणि वस्तीपासून दूर थांबला म्हणजे गाडीच्या आधीं जवळच्या पिण्याच्या पाण्याचा हिशेब करावा लागतो.

रस्ता सोडून चालणाऱ्या या गाड्यांची सर्वांत गाजलेली परीक्षा सहारा वाळवंटांत झाली. पॅरिसहून २६ डिसेंबर १९७८ रोजीं निघालेली पहिली डकार शर्यत १४ जानेवारी १९७९ रोजीं सेनेगलच्या राजधानींत संपली. तींत सिरिल नेव्हू हा फ्रेंच स्वार यामाहा एक्सटी ५०० या गाडीवर पहिला आला. त्या गाडीचें इंजीन अगदीं साधें: एक सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, वाऱ्यावर थंड होणारें आणि पायानें किक मारूनच सुरू होणारें. अशा धाटणीच्या गाड्या आजहि चालतात. त्यांच्या साधेपणाचा फायदा असा कीं, इंजीन बंद पडण्याचें कारण बहुधा जागेवरच, चार हत्यारांनिशीं, शोधून काढतां येतें.

मात्र शोध सुरू होतो तो हत्यारांनीं नव्हे, कानांनीं. तेल संपत आलेली समई मिणमिणत विझते. विजेचा दिवा कळ दाबतांच जातो. इंजिनाचेंहि असेंच आहे. पेट्रोल कमी पडूं लागलें म्हणजे तें आधीं अडखळतें, जोर सोडतें, एकदोनदां उसळतें आणि मग थांबतें. ठिणगी गेली म्हणजे क्षणांत सारें शांत होतें. हा नियम अगदीं अचूक नाहीं. पण कोणत्या बाजूनें तपास आरंभावा, हें त्यावरून ठरवितां येतें.

पेट्रोलच्या बाजूचा सर्वांत फसवा दोष टाकीच्या झांकणांत असतो. पेट्रोल खालीं उतरतें तितकी हवा वरून आंत यावयास हवी, व त्यासाठीं झांकणाला एक बारीक छिद्र किंवा नळी असते. चिखलानें तें बुजलें कीं टाकींत हवेचा दाब उतरत जातो आणि पेट्रोलचा ओघ मंदावतो. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटींत सांठलेल्या पेट्रोलवर इंजीन थोडा वेळ चालतें, आणि वाटी रिती झाली कीं थांबतें. स्वार खिन्न होऊन दगडावर बसतो. तेवढ्यांत बुजलेल्या छिद्रांतून थोडी थोडी हवा आंत झिरपते, वाटी पुनः भरते, आणि दहा मिनिटांनीं गाडी पहिल्या किकला सुरू होते! पुढें कांहीं अंतरावर तोच प्रकार.

आतां विजेच्या बाजूकडे पाहिलें तर तेथेंहि हुबेहूब असाच एक दोष आढळतो. ठिणगीसाठीं उच्च दाबाची वीज निर्माण करणाऱ्या कॉईलमध्यें केसासारख्या तारेचे हजारों वेढे असतात. त्यांत कोठें तार तुटलेली असली, तर थंड असतांना तिचीं टोकें एकमेकांस टेकून राहतात. इंजीन तापलें कीं तीं दूर सरतात आणि ठिणगी नाहींशी होते. विसाव्यानें कॉईल निवते आणि गाडी पुनः चालते. म्हणजे विसांवा दोन्हीं दोष सारखेच झांकतो, आणि विसांवा घेणाऱ्या स्वाराला त्यांतून कांहींच कळत नाहीं.

म्हणून जें पाहावयाचें तें थांबल्याबरोबर, पहिल्या मिनिटांतच पाहावें. प्रथम टाकीचें झांकण उघडावें. हवा आंत शिरतांना सूं असा आवाज आला आणि थोड्याच वेळांत गाडी सुरू झाली, तर गुन्हेगार सांपडला. आवाज न आल्यास स्पार्क प्लग काढावा. तो चांगलाच तापलेला असतो, हें विसरूं नये. बऱ्याच किका मारूनहि प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोंचत नाहीं. पेट्रोलनें भिजलेला असेल तर बहुधा ठिणगी नाहीं. ठिणगीची खात्री करण्यासाठीं दुसरा कोरा प्लग टोपींत घालून, त्याचें धातूचें अंग इंजिनाला घट्ट टेकवून, किक मारावी. पण हें प्लगच्या उघड्या भोंकापासून व सांडलेल्या पेट्रोलपासून दूर करावें, नाहींतर भडका उडावयाचा.

गाडी केवळ खांचखळग्यांतच थांबत असेल तर कॉईलला दोष देण्याची घाई करूं नये. तिरक्या पायाचें बटन धक्क्यानें क्षणभर सुटतें आणि ठिणगी तोडतें. हँडलच्या मानेशीं वारंवार वांकणारी तार वरच्या आवरणाच्या आंत तुटलेली असते. इंजीन संथ चालू ठेवून हँडल दोन्हीं बाजूंस पुरतें वळविलें कीं ती आपण होऊन कबुली देते.

ओढा ओलांडतांना थांबणारी गाडी ही निराळीच बाब. सह्याद्रींत पावसाळ्यांत हिंडणाऱ्यांस हिचा अनुभव येतो. कार्ब्युरेटरच्या वाटीला हवा पुरविणाऱ्या नळ्यांचीं तोंडें खालीं लोंबतात. तीं पाण्यांत बुडालीं कीं पेट्रोलचा पुरवठा बिघडतो. एक नळी वर टाकीखालीं नेऊन ठेवली म्हणजे काम भागतें. वाटींतच पाणी गेल्याचा संशय असेल तर तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल कांचेच्या बाटलींत घ्यावें. पाणी तळाशीं निराळें दिसतें.

हे सर्व उपाय करूनहि इंजीन तापल्यावरच दगा देत असेल, तर झडपांमधील फट तपासून घ्यावी. धूळ खाल्लेल्या इंजिनांत ती कमी होत जाते, झडप पुरती मिटत नाहीं आणि दाब निसटतो. हें काम घरीं, इंजीन थंड असतांना करावयाचें.

इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना कार्ब्युरेटरच नाहीं, तेव्हां वाटीचा प्रश्न उरत नाहीं. पण त्यांपैकीं पुष्कळ गाड्यांत कलंडल्याबरोबर इंजीन बंद करणारें एक यंत्र असतें. पडलेली गाडी उभी केल्यावर किल्ली एकदां बंद करून पुनः लावावी लागते. हें ठाऊक नसलें म्हणजे धडधाकट गाडी मैल दीड मैल ढकलीत नेण्याची पाळी येते.