नमुनानळी (स्वयंचलित प्रयोगशाळा)

नमुनानळी म्हणजे रक्त किंवा घशातील स्राव यांसारखे तपासणीचे नमुने ज्यात गोळा केले जातात, ती एकदाच वापरायची बंद नळी होय. शाळेतील परीक्षानळीशी तिचे बाह्य साम्य असले, तरी तिच्यावरील जबाबदारी पुष्कळ मोठी आहे. मोठ्या रोगनिदान प्रयोगशाळांत नळी ओळखणे, तिचे बूच काढणे आणि तिच्यातील द्रव मोजून घेणे ही कामे आता यंत्रे करतात. अनुभवी तंत्रज्ञाला नळी उजेडात धरताच गुठळी, फेस, चीर किंवा अपुरे रक्त दिसते. यंत्राला मात्र जे कळावे अशी व्यवस्था आधीच केलेली असते, तेवढेच कळते. म्हणून सुरक्षिततेचा बराचसा भाग नळीच्या घडणीतच घालावा लागतो. ही घडण चुकली तर एकीकडे कर्मचाऱ्याला संसर्गाचा धोका असतो आणि दुसरीकडे रुग्णाच्या हाती चुकीचा अहवाल पडतो.

इतिहास

आतील हवा काढून घेतलेल्या, सुई टोचताच ठरावीक रक्त आपोआप ओढून घेणाऱ्या निर्वात नळीचे अमेरिकी एकस्व जोसेफ क्लायनर यांना १९४९ मध्ये मिळाले. बेक्टन डिकिन्सन या कंपनीने ती ‘व्हॅक्युटेनर’ या नावाने प्रचारात आणली. हे व्यापारनाम असले, तरी भारतीय प्रयोगशाळांतील बोलण्यात ते कोणत्याही निर्वात नळीला सर्रास लावले जाते.

लेनर्ड स्केग्ज यांच्या संकल्पनेवर आधारलेले ‘ऑटोअ‍ॅनालायझर’ हे रासायनिक विश्लेषणाचे यंत्र १९५७ मध्ये बाजारात आले. त्यात नमुने फिरत्या तबकडीवरील छोट्या उघड्या पेल्यांत ठेवले जात. म्हणजे यंत्र स्वयंचलित, पण नळीतून पेल्यात द्रव ओतण्याचे काम माणसाचेच होते. सांडणे, शिंतोडे उडणे आणि एकाचा नमुना दुसऱ्याच्या पेल्यात जाणे हे तिन्ही धोके या एकाच पायरीवर एकवटलेले होते. रक्त ज्या नळीत घेतले त्याच नळीतून यंत्राने ते उचलावे, या पद्धतीमुळे ही पायरी गळाली. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल यंत्राच्या वेगापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरला. १९८० च्या दशकात जपानमधील कोची वैद्यकीय महाविद्यालयात मासाहिदे सासाकी यांनी सरकत्या पट्ट्यांवरून नळ्या एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेणारी प्रयोगशाळा उभारली. निरनिराळ्या कंपन्यांच्या नळ्या एकाच पट्ट्यावरून जायच्या, तर त्यांची मापे ठरलेली हवीत. १३ × ७५, १३ × १०० आणि १६ × १०० मिलिमीटर ही आज सर्वत्र आढळणारी मापे आहेत. रक्त घेण्याच्या एकवापरी नळ्यांसाठी आयएसओ ६७१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

बूच

नळीचा सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे तिचे बूच. साधे रबरी बूच अंगठ्याने उपटताना नळीच्या आतील व बाहेरील दाबांत फरक असेल, तर रक्ताचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासावाटे किंवा डोळ्यांच्या श्लेष्मल त्वचेवाटे शरीरात जाऊ शकतात. यावर उपाय म्हणून रबरी बुचावर प्लास्टिकची टोपी बसवण्यात आली. टोपीची कड नळीच्या तोंडाबाहेरून खाली येते, त्यामुळे बूच निघताना तुषार आतच अडतात. शिवाय रक्त लागलेला रबरी पृष्ठभाग खोलगट जागेत राहतो व बोटांना लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे बूच मुळीच न काढता यंत्राच्या सुईने ते भेदणे. रक्तपेशींची गणना करणारी अनेक यंत्रे असेच करतात. येथे रबराची निवड कसोटीची ठरते. रबर फार कठीण असेल तर सुई वाकते. चिवटपणा कमी असेल तर त्याचा कण कापला जाऊन सुईत अडकतो किंवा नमुन्यात पडतो. सुई निघाल्यावर छिद्र पुन्हा मिटलेही पाहिजे. बंद नळीतून द्रव ओढताना आतला दाब घटतो आणि यंत्राला मोजलेल्यापेक्षा कमी द्रव मिळतो. म्हणून अशा सुईच्या बाजूला हवा आत जाण्यासाठी खाच ठेवतात.

काच आणि प्लास्टिक

फुटलेली काच हे रक्तातून पसरणाऱ्या रोगांचे एक वाहन आहे. काचेच्या केशनलिका फुटून होणाऱ्या जखमांबाबत अमेरिकेतील शासकीय संस्थांनी १९९९ मध्ये संयुक्त इशारा दिला होता. प्लास्टिक त्या मानाने सुरक्षित, पण निर्दोष नाही. पेट या प्लास्टिकमधून पाण्याची वाफ हळूहळू निसटते, तर पॉलिप्रोपिलीनमधून हवा आत शिरते. रक्त न गोठण्यासाठी सायट्रेटचे द्रावण घातलेल्या नळीत रक्त व द्रावण यांचे प्रमाण ९:१ असावे लागते. द्रावण आटले किंवा निर्वात कमी होऊन रक्त कमी ओढले गेले, तर गोठणकाळाचा निष्कर्ष चुकतो. म्हणून काही नळ्या आत पॉलिप्रोपिलीन व बाहेर पेट अशा दुहेरी भिंतीच्या करतात. वापराची मुदत संपलेली नळी धडधाकट दिसते, पण तिच्यातील निर्वात उरलेला असेलच असे नाही.

तळ, जेल आणि द्रवपातळी

शोषकनळी किती खाली न्यायची हे यंत्र बहुधा विद्युत धारितेवरून ठरवते: टोक द्रवाला टेकताच धारिता एकदम बदलते. त्यासाठी टोक विद्युतवाहक लागते. पुष्कळ यंत्रांची एकवापरी टोके काळी असतात ती त्यांत कार्बन मिसळल्यामुळे. मात्र फेसाला स्पर्श झाला तरी यंत्र तो द्रवच समजते आणि हवा ओढते. सीरम वेगळे करणाऱ्या नळीत जेलचा थर असतो. त्याची घनता सीरम व रक्तपेशी यांच्या दरम्यान असल्याने नळी वेगाने फिरवल्यावर तो दोहोंमध्ये जाऊन बसतो. सीरम थोडेच असेल, तर टोक जेलमध्ये रुतून बुजते. लहान मुलांकडून रक्त मोजकेच मिळते. त्यांच्यासाठी बाहेरून नेहमीच्या मापाची, पण आत उंच उचललेल्या तळाची नळी करतात. तिच्यामुळे थोडा द्रवही टोकाच्या आवाक्यात येतो. यंत्रात ही नळी वेगळी म्हणून नोंदवली नसेल, तर टोक त्या तळावर आपटू शकते.

ओळख

बुचाचा रंग आतील रसायन सांगतो: जांभळा इडीटीएसाठी, फिकट निळा सायट्रेटसाठी, करडा फ्लोराइडसाठी. रुग्णाची ओळख बारकोडवरून पटते. तिरपे चिकटवलेले लेबल वाचले जात नाही, एकावर एक लावलेली लेबले नळी जाड करतात व ती खाचेत अडकते. लेबलाशेजारी उघडी उभी पट्टी सोडतात, ती आतील पातळी दिसावी म्हणून.

विषाणूंचे नमुने

कोविड-१९ च्या साथीत घशातील स्रावाच्या नळ्या मिळतील त्या मापांच्या वापराव्या लागल्या. नळीत राहिलेली स्वॅबची काडी शोषकनळीच्या वाटेत येत असे. नळीवर खूण करून ठेवलेल्या जागी काडी मोडून आत राहू देणे, की काडी बाहेर काढूनच बूच लावणे, हा म्हणून केवळ सोयीचा प्रश्न नव्हता.

नळीतील द्रवाचाही यंत्राशी मेळ लागतो. विषाणू निष्क्रिय करणाऱ्या काही द्रावणांत ग्वानिडिन थायोसायनेट असते. काही चाचणीयंत्रे ब्लीच वापरतात. या दोहोंचा संयोग झाल्यास विषारी सायनाइड वायू निर्माण होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये याबद्दल प्रयोगशाळांना सावध केले.