माडाचा वैरी शेणाच्या खड्ड्यात

पावसाळा लागला की भाटातील माडांकडे मान वर करून एकदा नीट पाहावे. नवी झावळ कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसली तर समजावे की गेंड्या भुंगा शेंड्यात शिरला होता. काळा, डोक्यावर शिंग असलेला हा किडा न उमललेली सुई पोखरतो. सुई उमलेपर्यंत आपल्याला काही कळत नाही. कोवळी पोय कुरतडली गेली तर तिचे नारळ गेलेच म्हणायचे.

पुष्कळ बागाईतदार पाडेल्याला पैसे देऊन शेंड्यात औषध घालून घेतात आणि गोठ्यामागचा शेणाचा खड्डा मात्र वर्षभर तसाच ठेवतात. आमचे म्हणणे, सुरुवात खड्ड्यापासून करावी. हा भुंगा माडावर जन्मत नाही. मादी शेणखतात किंवा माडाच्या कुजक्या ओंडक्यात अंडी घालते, आणि पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या कित्येक महिने तेथेच वाढतात. म्हणून खत दर दोन-तीन महिन्यांनी उपसावे व अळ्या वेचून कोंबड्यांपुढे टाकाव्यात. कोंबड्यांना वेगळे आमंत्रण लागत नाही! मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी ओलसर खतात मिसळली तर अळ्या रोग होऊन मरतात. मेलेला माड उभा ठेवू नये.

माडावर करायचे ते एवढेच. ताज्या भोकातून चावलेला भुसा बाहेर येत असेल तर लोखंडी आकडीने भुंगा ओढून काढावा. मग पाव किलो निंबोळी पेंड तितक्याच वाळूत मिसळून वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यांत भरावी. असे वर्षातून तीनदा करावे.

इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. गेंड्याने सहसा मोठा माड मरत नाही, हे खरे. पण त्याने केलेल्या जखमेच्या वासावर दुसरा येतो, तो तांबूस सोंड्या भुंगा. त्याच्या अळ्या खोड आतून खातात आणि बाहेरून माड हिरवागार दिसतो. ५ ते २० वर्षांचे, म्हणजे नेमके फळ धरू लागलेले माड त्याला अधिक बळी पडतात. खोडाच्या छिद्रातून तपकिरी चीक गळतो. कान लावला तर कुरतडण्याचा आवाजही येतो. शेंडा कोलमडल्यावर उपाय उरत नाही.

म्हणून माडाला विनाकारण जखम करू नये. चढण्यासाठी खोडात खाचा पाडू नयेत. हिरवी झावळ तोडावीच लागली तर देठाचा चार फूट भाग ठेवून तोडावी. झावळ्यांच्या रविवारासाठी कोवळी पाने काढणाऱ्या मुलांनाही हे सांगावे. सुईला कोयता लावू देऊ नये.

सोंड्याने मारलेला माड पाडून तसाच टाकला तर आतल्या अळ्यांचे भुंगे होऊन शेजाऱ्याच्या भाटात जातात. खोड चिरून त्याच आठवड्यात जाळावे.