कुत्रा दोरी का ओढतो?

पुढे जीभ बाहेर काढून धावणारा लॅब्रेडोर आणि मागे दोन्ही हातांनी दोरी धरून फरफटत जाणारा मालक, हे दृश्य शहरांतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या फाटकाबाहेर रोज सकाळी दिसते. कोण कोणाला फिरवून आणतो, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. मात्र हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंचवीस-तीस किलो वजनाचा कुत्रा लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या लहान मुलाला किंवा वृद्धाला निव्वळ प्रेमाने झेप घेऊनही खाली पाडू शकतो. पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका वा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १ जुलै २०२४ पूर्वी अशीच तरतूद भारतीय दंड विधानाच्या कलम २८९ मध्ये होती.

कुत्रा हट्टी असतो म्हणून दोरी ओढतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेक वेळा ते त्याला मालकानेच नकळत शिकवलेले असते. समोरच्या झाडाचा वास घ्यायचा असतो, कुत्रा ओढतो, मालक चार पावले मागोमाग जातो आणि झाड येते. ज्या कृतीतून हवे ते मिळते, ती कृती प्राणी पुन्हा करतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेले हे तत्त्व रोजच्या फेरफटक्यात असे उलटे राबवले जाते.

उपायही त्याच तत्त्वात आहे. दोरी ताणली गेली की मालकाने जागीच थांबावे. ओरडू नये, हिसकाही देऊ नये. कुत्रा मागे वळून पाहतो आणि दोरी सैल पडते, त्या क्षणी शाबासकी देऊन पुढे निघावे. पहिले काही दिवस शंभर पावलांना पाव तास लागतो आणि कार्यालयाची वेळ झालेल्या माणसाचा संयम नेमका इथेच सुटतो. पाच वेळा थांबून सहाव्या वेळी घाईने त्याच्यामागे गेल्यास, जास्त वेळ ओढले की जमते, एवढाच धडा कुत्रा घेतो.

गळा आवळणारी साखळी वापरण्याची पद्धत अजूनही प्रचलित आहे. तिने ओढणे तात्पुरते थांबते. पण समोर लहान मूल किंवा दुसरा कुत्रा दिसताच गळ्याला वेदना होत गेल्यास, कुत्रा त्या वेदनेचा संबंध समोरच्याशी जोडू शकतो. त्यापेक्षा छातीभोवती बसणारा पट्टा बरा.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते, ती गल्लीतील भटक्या कुत्र्यांची. ते दिसताच मालक घाबरून दोरी आखडतो. त्यामुळे पाळीव कुत्र्याची मान व छाती वर उचलली जाते आणि समोरच्या कुत्र्यांना ती आव्हानाची मुद्रा वाटू शकते. शिवाय त्याला बाजूला वळून जाण्याची मोकळीकही उरत नाही. शक्य असेल तेथे दुरूनच अर्धवर्तुळ घेऊन, दोरी सैल ठेवून पुढे जावे.

'बस', 'थांब' आणि 'ये' या तीन आज्ञांची सुरुवात पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की घरातच करता येते. त्यासाठी लसीकरण पूर्ण होऊन रस्त्यावर जाण्याची वाट पाहावी लागत नाही. बसायला शिकवताना पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा नाकासमोरून डोक्याच्या दिशेने न्यावा. मान वर जाते, पाठीमागचा भाग आपोआप टेकतो. त्याच क्षणी शब्द उच्चारून तुकडा द्यावा. बेदाणे, द्राक्षे व चॉकलेट कुत्र्यांना विषारी असल्याने बक्षीस म्हणूनही देऊ नयेत. सत्र पाच मिनिटांचे पुरे.

आज्ञा इंग्रजीतच द्यायला हवी असे नाही, पण घरातील सर्वांचा शब्द एक हवा. आजी 'बस' म्हणते, नातू 'सिट' म्हणतो आणि जेवताना वाढणाऱ्यालाही 'बस, बस' असे सांगितले जाते. अशा घरातील कुत्रा गोंधळला तर दोष त्याचा नव्हे.

'ये' हा शब्द सर्वांत जपून वापरावा, कारण दोरी हातातून सुटून कुत्रा रहदारीकडे धावला तर तोच एक उपाय हाताशी असतो. आंघोळ घालण्यासाठी, औषध पाजण्यासाठी किंवा रागावण्यासाठी या शब्दाने कधीही बोलावू नये. अशा वेळी आपणच उठून त्याच्यापर्यंत जावे.