चार सूत आणि बारा मिलिमीटर

चांदणी चौक मागे पडला, भूगाव-पिरंगुट ओलांडून पौड आले, की पुणेकराच्या गाडीला पंख फुटतात. पुढे मुळशीचा जलाशय आणि मग ताम्हिणी. पावसाळ्यातल्या रविवारी या रस्त्याला जत्रेचे रूप येते आणि नटूनथटून आलेल्या गाड्याही पुष्कळ दिसतात : उंच केलेल्या, रुंद टायरांच्या, चकचकीत ॲलॉय चाकांच्या.

अशाच एका रविवारी भाच्याच्या जुन्या जिप्सीत आम्ही चौघे निघालो होतो. चाके आदल्याच दिवशी बदललेली. ती पूर्वी कुणाच्या तरी जीपवर होती. जुन्या सामानाच्या दुकानदाराने त्यांच्याबरोबर नटांची पिशवीही दिली होती. पौड सोडले आणि मागून खडखड ऐकू येऊ लागली. ‘रस्ताच खराब आहे, मामा,’ भाचा म्हणाला. रस्ता गुळगुळीत झाला तरी आवाज थांबेना, तेव्हा एका गॅरेजपाशी गाडी उभी केली.

मिस्त्रींनी मागच्या चाकाच्या नटाला हात लावला. पान्याशिवाय, बोटांनीच तो फिरला! त्यांनी नट काढला, पुन्हा स्टडवर चढवला आणि हलणाऱ्या दातासारखा डुलवून दाखवला. ‘दादा, नट चार सुती आहे आणि स्टड बारा एमएमचा. घाटात चाक पुढं गेलं असतं आणि तुम्ही मागं राहिला असता.’

आठ सुतांचा एक इंच, हा आपल्याकडच्या कारागिरांचा जुना हिशेब. चार सूत म्हणजे अर्धा इंच, अर्थात १२.७ मिलिमीटर. महिंद्रची जुनी जीप मूळ अमेरिकेच्या विलीजची. तिचे स्टड अर्ध्या इंचाचे आणि इंचाला २० आटे. १९८५ साली आलेली मारुती जिप्सी मूळ जपानच्या सुझुकीची. तिचा स्टड १२ मिलिमीटरचा आणि दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर. घोटाळा असा, की दोन्ही गाड्यांना पाच स्टड आणि ते ज्या वर्तुळावर बसवलेले असतात त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, दोहोंचा १३९.७ मिलिमीटर. हा आकडा म्हणजे नेमके साडेपाच इंच. त्यामुळे जीपचे चाक जिप्सीवर बसते. माणूस खूश होतो आणि पुढचे पाहायचे विसरतो.

खरा फसवा भाग तर आट्यांचा आहे. इंचाला २० आटे म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिलिमीटर. जिप्सीच्या स्टडशी फरक केवळ ०.०२ मिलिमीटरचा! आटे जुळत नसते तर नट अडकला असता आणि चूक हाताला कळली असती. येथे नट सरळ चढतो, बसल्यासारखाही वाटतो. पण तो ढिला असल्याने आट्यांची फक्त टोके एकमेकांना धरतात. पुरेसा ताण देऊ गेले तर ती सोलून निघतात.

हा ताणच महत्त्वाचा. चाक स्टडवर टांगलेले असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात घट्ट केलेला स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण चाकाला जागेवर ठेवते. दाब गेला की चाक सरकू लागते, प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकू लागतो आणि अखेर तुटतो.

म्हणून चाके बदलणाऱ्याने पीसीडीवर थांबू नये. मारुती-सुझुकीच्या बहुतेक गाड्यांचे आटे १.२५ चे, तर टोयोटा, होंडा, ह्युंदाईच्या बहुतेक गाड्यांचे १.५ चे, स्टड मात्र सगळ्यांचे १२ मिलिमीटरचे. डोळ्यांना फरक दिसत नाही, पिच गेजला दिसतो. नटाची बैठक निमुळती, गोल की सपाट, तेही चाकातल्या भोकाशी जुळायला हवे. ॲलॉय चाक स्टडपाशी पत्र्याच्या चाकापेक्षा जाड असते, त्यामुळे मूळचा स्टड आखूड पडू शकतो. ढोबळ नियम असा : स्टडची जाडी जितकी, निदान तितकी लांबी नटाने धरावी. १.२५ च्या आट्यांना सुमारे दहा पूर्ण फेरे, १.५ च्या आट्यांना आठ. मोजायला अर्धे मिनिटही लागत नाही. मग गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने नट आवळावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

मिस्त्रींनी वीसही नट काढून बाजूला ठेवले. मागच्या दोन स्टडचे आटे खराब झाले होते. ‘हे स्टड प्रेसवर बसवायचे, हातोड्यानं नाही. आज गाडी इथंच राहू द्या,’ ते म्हणाले. भाचा हिरमुसला. आम्ही एसटीने पुण्याला परतलो. रात्री बहिणीने विचारले, ‘ताम्हिणी कसं होतं?’ भाच्याने खिशातून एक नट काढून तिच्या हातावर ठेवला आणि काही न बोलता जेवायला बसला.